चिकटपट्टी लावणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही कृषी खात्यातल्या. आमच्या सोसायटीच्या अंगणातल्या एकुलत्या शेवग्यावर अळ्या पडल्या होत्या. ते झाड तुमच्या कामात बसतही नव्हतं, तरी आलात. तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही.

तुमच्या आधी ज्यांना विचारलं, त्यांतल्या एकाने फोटोवर नजर टाकून ‘घोणस अळी, माणूस दगावतो’ असं ठोकून दिलं. दुसऱ्याने जहाल कीटकनाशक सुचवलं, तेही ज्याचा पाला नि शेंगा घरोघरी शिजतात त्या झाडावर! 2022 मध्ये घोणस अळीच्या नावाने केवढी घबराट उडाली होती. जाणकार म्हणवणाऱ्यांनी तरी जपून बोलावं.

तुम्ही झाड कोणतं, अळ्या दिवसा कुठे असतात, एवढंच विचारलंत आणि खोडाशी जाऊन पाहिलंत. घोणस अळी हिरवी, गोगलगायीसारखी सरकणारी. तिच्या अंगावर काटे असतात, लव नव्हे. इथे दाट केसांचे सुरवंट दिवसाउजेडी खोडावर एकमेकांना खेटून बसलेले, रात्री वर चढून पाला फस्त करणारे. शेवग्यावरची केसाळ अळी. जीवघेणी नाही, पण केस रुतले की आग आणि खाज.

तेवढ्यात तळमजल्यावरचं पोर हात चोळताना तुम्हाला दिसलं. तुम्ही त्याचं मनगट हलकेच धरलंत, पिशवीतली चिकटपट्टी पुरळावर दाबून उचललीत. मग नवी पट्टी, पुन्हा नवी, चार-पाच वेळा. शेवटची उजेडात धरून त्याला दाखवलीत. तिच्यावर कुसळांसारखे बारीक केस. रडणं तिथेच थांबलं. मग साबण-पाणी, वर बर्फ. चोळलं की केस तुटून आत जातात. डोळ्यात गेले तर भरपूर पाण्याने धुवायचं, श्वास लागला तर थेट दवाखाना, हेही तुम्ही त्याच्या आईला शांतपणे सांगितलंत. अळीचं नाव सांगणारे पुष्कळ भेटतील हो, आधी पोराचा हात बघणारं माणूस विरळा.

पुढचं काम तुम्ही म्हणालात तसंच केलं. कोरडा झाडू किंवा पेटता टेंभा नाही: झाडूने केस उडतात, टेंभ्याने साल भाजते. दुपारी पूर्ण बाह्या, हातमोजे, चष्मा, वारा पाठीशी. आधी पंपाने पाणी मारून अळ्या ओल्या केल्या, मग लांब दांड्याच्या ब्रशने साबणाच्या पाण्याच्या बादलीत पाडल्या. दहा लिटरला भांडी घासायच्या लिक्विडचे तीन चमचे पुरले. झाडाखालच्या दोरीवरचे कपडे वेगळे धुतले. कोश मातीत असतात म्हणून बुंध्याभोवतीची माती उकरली, तेव्हाही हातमोजे होते. कातीला आणि कोशाला लागलेले केसही तितकेच खाजवतात, हे तुम्ही जाताजाता बजावलं होतंत.

शेवग्याला नवे फुटवे आलेत. जिन्याखालच्या खिळ्याला आता चिकटपट्टीचं रीळ टांगलेलं असतं.