व्हिप हवा, पण सरकार टिकवण्यापुरता

महोदय,

अधिवेशन सुरू झाले की 'अमुक पक्षाचा खासदारांना तीन ओळींचा व्हिप' ही बातमी ठरलेली असते. त्यानंतर विधेयकाचे काय होणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. कायदे संसदेत होतात असे आपण म्हणतो खरे, पण बहुतेक विधेयकांचा निकाल सभागृहात चर्चा सुरू होण्याआधीच पक्ष कार्यालयात लागलेला असतो. याचे मूळ खासदारांच्या आळसात शोधण्यापेक्षा पक्षांतरबंदी कायद्याच्या एका कलमात शोधायला हवे.

व्हिप म्हणजे पक्षाच्या मुख्य प्रतोदाचा, म्हणजे सभागृहात पक्षशिस्त सांभाळणाऱ्या सदस्याचा, लेखी आदेश. मजकुराखाली एक रेघ असेल तर ती केवळ सूचना. दोन रेघा म्हणजे हजर राहा. तीन रेघा म्हणजे हजर राहा आणि पक्ष सांगेल तसेच मत द्या. मजकूरही साचेबद्ध असतो: महत्त्वाचे कामकाज चर्चेला व मंजुरीला येणार आहे, तरी दिवसभर सभागृहात थांबून पक्षाच्या भूमिकेस पाठिंबा द्यावा. कोणते विधेयक, याचा अनेकदा उल्लेखच नसतो!

ही पद्धत आपण ब्रिटनकडून घेतली. तिथे व्हिप मोडणाऱ्याला फार तर पक्षाबाहेर काढतात, त्याची खासदारकी जात नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये ब्रेक्झिटवरून स्वतःच्याच सरकारविरुद्ध मत देणाऱ्या २१ हुजूर खासदारांना संसदीय पक्षातून काढले गेले, तरी त्यांची जागा कायम राहिली. गर्भपात, फाशी अशा विषयांवर तर तिथे पक्ष सहसा व्हिप काढतच नाहीत.

आपल्याकडे १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने घटनेत दहावे परिशिष्ट, म्हणजेच पक्षांतरबंदी कायदा, आले. पक्षाच्या निर्देशाविरुद्ध पूर्वपरवानगीशिवाय मत दिले, किंवा मतदान टाळले, आणि पक्षाने १५ दिवसांत ते माफ केले नाही, तर खासदार अपात्र ठरतो. सरकार पडेल असा विश्वासदर्शक ठराव असो की एखाद्या मंडळाच्या रचनेत किरकोळ बदल करणारे विधेयक, शिक्षा एकच. घटनेच्या अनुच्छेद १०५ नुसार सभागृहातील मताबद्दल खासदाराला कोर्टात खेचता येत नाही, पण त्याच मतासाठी पक्ष त्याची जागा घालवू शकतो.

यावर आयाराम-गयारामांचे काय, असा प्रश्न हमखास येतो. त्यांच्यासाठी त्याच परिशिष्टात वेगळी तरतूद आहे: पक्षाचे सदस्यत्व स्वेच्छेने सोडले की अपात्रता. ती खुशाल राहू द्या. पक्षात राहून एखाद्या विधेयकातील कलम पटत नाही म्हणणे हा काही घोडेबाजार नव्हे. १९९० मध्ये दिनेश गोस्वामी समितीने नेमके हेच सुचवले होते: व्हिप मोडल्याची अपात्रता विश्वास व अविश्वास ठराव, धन विधेयक (कर व सरकारी खर्चाचे) आणि राष्ट्रपतींच्या अभिभाषणावरील आभारप्रस्ताव यांच्यापुरतीच असावी. किहोतो होलोहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये हा कायदा वैध ठरवला, पण सरकारचे अस्तित्व आणि ज्या मूलभूत धोरणावर पक्षाने मते मागितली ते, एवढ्यापुरताच असा निर्देश असावा, असेही सांगितले. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने एक-तृतीयांश सदस्य एकत्र फुटले तर अपात्रता नाही, ही पळवाट बंद झाली. व्हिप मोडल्यास अपात्र ठरवणाऱ्या कलमाला मात्र कोणी हात लावला नाही. सत्तेतल्या पक्षाला ते सोयीचे, आणि विरोधातल्या पक्षाला उद्याच्या सत्तेसाठी हवेच असते.

व्हिप काढणाऱ्याचीही कोंडी होते. ५ ऑगस्ट २०१९ रोजी जम्मू-काश्मीर पुनर्रचना विधेयक राज्यसभेत मांडले गेले आणि त्याच दिवशी १२५ विरुद्ध ६१ मतांनी मंजूर झाले. विरोधात मतदानाचा व्हिप काढणे पटत नाही म्हणून काँग्रेसचे तिथले मुख्य प्रतोद भुवनेश्वर कलिता यांनी राज्यसभेचाच राजीनामा दिला. त्यांची भूमिका कुणाला पटो न पटो, पक्षाशी मतभेद झाल्यावर त्यांच्यापुढे तेवढाच सरळ मार्ग होता.

व्हिप चालत नाही अशी जागा म्हणजे विधेयके बारकाईने तपासणाऱ्या स्थायी समित्या. खात्यांशी निगडित अशा २४ समित्या आहेत, प्रत्येकीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० सदस्य. बैठक बंद दाराआड असल्याने सत्ताधारी खासदारही अधिकाऱ्यांना अडचणीचे प्रश्न विचारतात. पण विधेयक समितीकडे पाठवणे बंधनकारक नाही. पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली, सतराव्या लोकसभेत १६ टक्के. त्यात समितीची मुदत एकच वर्ष. विषय समजू लागेपर्यंत ती संपते.

आणि मतांची नोंद? बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने, म्हणजे 'हो'-'नाही'च्या आवाजावरून, मंजूर होतात, त्यामुळे आपल्या खासदाराने काय मत दिले ते मतदाराला कळत नाही. लोकसभेच्या नियम ३६७ नुसार अध्यक्षांनी दिलेल्या अशा कौलाला आव्हान दिले की लॉबी मोकळी करायची, साडेतीन मिनिटांनी प्रश्न पुन्हा मांडायचा, आणि तरीही आव्हान कायम राहिले तर बटणाने मतविभागणी, म्हणजे प्रत्येकाच्या मताची नोंद: हिरवे बाजूने, लाल विरोधात, पिवळे तटस्थ. मात्र मागणी अनावश्यक आहे असे अध्यक्षांना वाटले, तर ते सदस्यांना जागेवर उभे करून नुसती डोकी मोजू शकतात, नावे न नोंदवता. २० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत विरोधकांनी मतविभागणी मागूनही कृषी विधेयके आवाजी मतदानाने मंजूर झाली. सदस्य जागेवर नव्हते, हे त्याचे दिलेले कारण. लाखो शेतकऱ्यांशी संबंधित कायद्यावर कोण कुठे उभे होते, याची नोंद राहिली नाही.

दहावे परिशिष्ट बदलायला घटनादुरुस्ती लागेल आणि ती करणार पक्षच, त्यामुळे लगेच आशा नको. पण प्रत्येक विधेयकावर तीन ओळींचा व्हिप काढाच, अशी सक्ती परिशिष्टात कुठेही नाही. सामान्य विधेयकांवर एका ओळीवर थांबणे हा मुख्य प्रतोदाचा आजचा निर्णय असू शकतो. विधेयक मंजूर करण्याच्या अंतिम प्रस्तावावर एका सदस्याने मागितली तरी नावनिशीवार मतविभागणी झालीच पाहिजे, एवढा बदल सभागृहाला स्वतःच्या नियमांत करता येतो. त्याला घटनादुरुस्ती लागत नाही.

– संसदीय कामकाजाचा एक अभ्यासक