दिन्या, ते शेअर मी कधीच विकले

दिन्या,

आठ महिने पत्र नाही, तुझे फोनही टाळले. कामाचा रगाडा होता असं लिहिणार होतो, पण तुला ते पटणार नाही. खरं कारण एवढंच की ते मेमरी चिपचे शेअर मी विकले.

२०२३ मध्ये तू कानीकपाळी ओरडून घ्यायला लावलेस, तेच. तेव्हा मेमरी चिपवाले सगळेच गाळात होते. मायक्रॉनला त्या आर्थिक वर्षात ५.८ अब्ज डॉलरचा तोटा, एसके हायनिक्सची तीच गत. तू म्हणालास, "या धंद्यात तोट्यामुळे पी-ई, म्हणजे भाव नफ्याच्या किती पट ते, निघतच नाही तेव्हा घ्यायचं आणि नफा फुगून तो स्वस्त दिसायला लागला की पळायचं." घेतले, दुप्पट झाले, तुला न विचारता विकून मोकळा झालो. पुढे भाव कुठे गेला ते तुला पाठ आहे. तू दर वेळी "धरून ठेव रे" म्हणायचास आणि मी "हो हो".

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. गेल्या महिन्यात परत घेतले. विकले त्याच्या चौपट भावाने. हिला पत्ता नाही. सकाळी तोंडात ब्रश धरून मी भाव बघतो. परवा पेस्टचा फेस स्क्रीनवर पडला, तर पुसायच्या आधी त्यातून आकडा लाल आहे की हिरवा ते वाचलं.

घेताना कारण पक्कं वाटलं होतं. एआयच्या चिपांना लागणारी वेगवान मेमरी एचबीएम म्हणजे डीरॅमचे, आपल्या कॉम्प्युटरातल्या रॅमच्या चिपांचे, आठ-बारा थर एकावर एक रचायचे आणि आरपार भोकं पाडून जोडायचे. तेवढ्याच बिटांना डीडीआर५ या साध्या रॅमच्या साधारण तिप्पट वेफर, म्हणजे चिप कापायच्या सिलिकॉनच्या चकत्या, लागतात, हे मायक्रॉनच सांगते. एआयने वेफर खाल्ले, साध्या मेमरीचा तुटवडा झाला. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने आपला किरकोळ विक्रीचा 'क्रुशल' ब्रँड बंद करायचं जाहीर केलं, तेव्हा मला वाटलं, झालं, आता तेजी-मंदीचं चक्र संपलं. आणि घेतल्याच्या रात्री झोपच नाही. २००९ मध्ये मेमरीवाली किमोंडा बुडाली, २०१२ मध्ये तशीच एल्पिडा. त्यांनाही तेजीत कुणीतरी हेच सांगितलं असणार ना? आता सॅमसंगसकट तिघेच मोठे उरलेत, ते सांभाळून उत्पादन करतील म्हणावं, तर २०२२-२३ मध्ये हेच तिघे पडले. फॅब, म्हणजे चिपचा कारखाना, उभा राहायला दोन-तीन वर्षं लागतात. आज टंचाई बघून पाया खणायचा आणि माल येतो तो मागणी ओसरल्यावर. उद्या एआयवाल्यांनी खर्चाला कात्री लावली तर?

हसू नकोस. २०१५ चं थ्रीडी एक्सपॉइंट, ती इंटेल-मायक्रॉनची नवी मेमरी, काढशील, माहीत आहे. पेनड्राइव्हमधल्या नँड मेमरीपेक्षा हजारपट वेगवान म्हणून मी नाचत होतो, तू 'गाजराची पुंगी' म्हणालास आणि पंधरा दिवस आपण बोललो नाही. २०२१ मध्ये मायक्रॉनने ते सोडलं, पुढच्या वर्षी इंटेलने त्याच मेमरीचं ऑप्टेन गुंडाळलं. पुंगी मोडून खाल्ली, मान्य. पण २०१८ मध्ये "डेटा सेंटरमुळे आता भाव पडणारच नाहीत" हे छातीठोकपणे कोण सांगत होतं? २०१९ उजाडलं तेव्हा तुझा फोन आठवडाभर बंद होता.

माझी शुगर आहे तिथेच आहे. वहिनींच्या गुडघ्याचं काय झालं? बदलीचं? पोरीची बारावी यंदाच ना? तिला आशीर्वाद.

मुद्दा राहिला. पुढच्या वर्षीच्या अंदाजी नफ्यावर मांडला तर पी-ई स्वस्त दिसतोय. तुझ्याच नियमाने पळायला हवं. काल विक्रीची ऑर्डर भरली आणि शेवटच्या बटणावरून बोट मागे घेतलं. विकून परत दुप्पट झाले तर तुला कुठल्या तोंडानं सांगू? नियम तुझा आहे, तेव्हा तूच सांग, विकू का?

फोन करू नकोस, ही शेजारीच असते. ऑफिसच्या पत्त्यावर दोन ओळी टाक.

तुझा,
बाळ्या