‘बंद कर ते!’ म्हटल्याने टिक वाढते

महोदय,

मूल मान झटकतं, सतत खाकरतं, की घरात ओरडा सुरू होतो. हा खोडसाळपणा नसतो; ही ‘टिक’ असते, म्हणजे आपसूक पुन्हापुन्हा होणारी हालचाल किंवा आवाज. त्याआधी पुष्कळदा मानेत ताण, घशात खवखव दाटते. झटका दिला की क्षणभर सुटल्यासारखं वाटतं. वर्षाहून जास्त टिकलेल्या टिक्स परीक्षा, जागरण, वाढदिवसाची धमाल, पाहुण्यांसमोर निघालेला टिकचाच विषय यांनी वाढतात. तबला वाजवण्यात मूल रमलं की पुष्कळदा थांबतात. म्हणून ‘तेव्हा कसं जमतं?’ हा आरोप फार अन्यायाचा आहे.

आठवडाभर रोज ठरलेली 15 मिनिटं वहीत नोंद करा: किती वेळा, कुठे, समोर कोण, लगेच पुढे काय झालं. मान झटकली की गृहपाठ माफ होत असेल, तर टिक तिथेच मूळ धरते. पाच मिनिटं विश्रांती द्या, मग गृहपाठाची वही पुन्हा उघडा.

आधीच्या ताणाची ती ऊर्मी येताच झटक्याऐवजी हनुवटी किंचित खाली घेऊन मान हळुवार ताठ धरायची, 1 मिनिट किंवा ऊर्मी ओसरेपर्यंत. खाकरण्यावर तोंड मिटून नाकाने संथ श्वास. एका वेळी एकच टिक, सर्वांत त्रासदायक ती आधी. हे प्रशिक्षित मानसतज्ज्ञाकडूनच शिकावं. आणि शिक्षकांनो, कृपया भर वर्गात टोकू नका.

– काही बालसमुपदेशक, पुणे