कुस्को पहिल्याच दिवशी नको

संपादक महोदय,

रविवार पुरवणीतील दक्षिण अमेरिकेच्या जुन्या शहरांवरचा लेख वाचला. शहरांची निवड चोख आहे. पण सोबतचा कार्यक्रम, म्हणजे पेरूत लिमाला उतरा, दुसऱ्या दिवशी विमानाने कुस्को आणि संध्याकाळी लगेच तिथल्या साक्सायवामान गडाचा चढ, हा साठीच्या आसपासच्या जोडप्यांना आजारी पाडणारा आहे. टूरवाल्यांच्या पत्रकांतही बहुतेकदा हाच असतो.

लिमा समुद्रकाठी, तर कुस्को ३,४०० मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या (१,६४६ मीटर) दुपटीहून उंच. डोके ठणकणे, मळमळ, झोप न लागणे हा उंचीवरच्या विरळ हवेचा त्रास पोहोचल्यावर सहा ते बारा तासांनी सुरू होतो. त्यामुळे ‘आम्हाला काही होत नाही’ म्हणत माणसे पहिल्या दुपारी हिंडतात आणि पुढचे दोन दिवस खोलीत काढतात. त्यापेक्षा कुस्कोच्या विमानतळावरून थेट गाडीने उरुबांबा किंवा ओयांतायतांबोला (सुमारे २,८०० मीटर) उतरावे. वाटेत चिंचेरो ३,७५० मीटरच्या वर आहे. तिथे विणकाम दाखवायला ड्रायव्हर हमखास थांबवतो, त्याला त्या दिवशी नाही म्हणावे. खाली दोन-तीन रात्री काढून तिथूनच रेल्वेने माचू पिचू (२,४३० मीटर) करावे आणि कुस्को शेवटी ठेवावे. बोलिव्हियातले ला पाझ किंवा पोतोसी (४,००० मीटरच्या वर) जोडायचेच असेल, तर त्याहीनंतर. पोतोसीची चांदी सुरतेच्या टांकसाळीपर्यंत येत असे, तेव्हा मोह होणारच!

उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगावे. कोकाच्या पानांचा चहा तिथे चालतो, पण ती पाने किंवा टी-बॅग भारतात आणू नयेत. त्रास वाढतच गेला तर खरा उतारा एकच, खाली उतरणे.

कुस्को शेवटी ठेवल्याने ते निवांत पाहता येते. कोरिकांचाला, म्हणजे इंकांच्या सूर्यमंदिराला, तासभर तरी द्यावा. १९५० च्या भूकंपात त्यावर बांधलेला सांतो दोमिंगोचा मठ बराचसा ढासळला, इंकांच्या भिंती मात्र टिकल्या. का, ते जवळ जाऊन दिसते: भिंत आत कललेली, दारे-कोनाडे वर निमुळते, दगड चुन्याशिवाय इतके घट्ट बसवलेले की सांध्यात नख शिरत नाही. गाइड मंडळी बारा कोनांच्या एका दगडापाशी गर्दी करतात. या भिंती त्याहून जास्त शिकवतात.

तिकिटांतही घोळ होतो. ‘बोलेतो तुरिस्तिको’ या एकत्रित तिकिटात (१३० सोल, १० दिवस, १६ ठिकाणे) साक्सायवामान, पिसाक, ओयांतायतांबो येतात. कोरिकांचा, कॅथेड्रल आणि मारासची मिठागरे येत नाहीत. माचू पिचूला सर्किट (आत फिरण्याचा ठरलेला मार्ग) आणि वेळ आधीच निवडावी लागते. फोटोत दिसते ते दृश्य पहिल्या आणि दुसऱ्या सर्किटवरून मिळते, तिसऱ्यावरून नाही. दोघांची तिकिटे एकाच सर्किटची आणि एकाच वेळेची आहेत ना, हे पैसे भरण्यापूर्वी पाहावे. मूळ पासपोर्ट जवळ हवा. आत स्वच्छतागृह नाही.

लेखात पीतज्वराच्या लशीचा उल्लेखच नाही. पेरूहून परतताना तिचे प्रमाणपत्र नसेल, तर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. लस अधिकृत केंद्रातच मिळते, प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होते आणि जन्मभर चालते. साठीनंतर पहिल्यांदा ही लस घेण्यात धोका वाढतो, म्हणून विमानाची तिकिटे काढण्याआधीच डॉक्टरांशी बोलावे.

पुढच्या वेळी असा कार्यक्रम छापताना प्रत्येक मुक्कामासमोर त्याची उंची द्यावी, ही विनंती.

– एक वाचक, नाशिक