केशवसुत पुलाखालच्या मावशींना

मावशी,

सप्रेम नमस्कार.

तुमची नात म्हणाली, “तुम्ही मोबाइलवर लिहा, मी आजीला वाचून दाखवते.” म्हणून हे पत्र असं चारचौघांत. सकाळी दादरला पुलाखाली तुमच्यासमोर उभं राहिलं की मागून दहाजण “मावशी, वेणी केवढ्याला?” करत असतात, आणि मी ऑफिसातून सुटेपर्यंत तुम्ही केव्हाच विरार गाडीनं घरी पोचलेल्या असता. त्यामुळे आभार मानायचे राहिले ते राहिलेच. शिवाय सुट्टे पैसे मोजता मोजता तुम्ही माझ्या कासवाबद्दल, तात्याबद्दल, जे जे विचारलंत, त्याला मी “हो, हो, बरा आहे” एवढंच म्हणत आले. आज नीट सांगते.

तात्या मूळचा माझा नव्हे. भाच्यानं हौसेनं पाळलेला. त्याला परदेशात नोकरी लागली आणि तात्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून आमच्या लोअर परळच्या घरी आला, परदेशी प्राण्यांची सरकारी नोंद होते त्या परिवेश पोर्टलवरच्या कागदांसकट. “आपल्याकडचं नाय ना हे?” असं तुम्ही विचारलं होतंत. नाही. हा सुलकाटा जातीचा, सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यातला. आपल्याकडचं ते पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं कासव. ते घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, मग कुणी कितीही ‘लकी’ म्हणून गळ्यात मारू दे. तुमच्या समोरच एका गृहस्थांनी मला विचारलं होतं, कासव ठेवलं की घरात पैसा येतो म्हणतात, खरं का? मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, “येतो कुठला! ही बाय रोज घालवते तो बघा.” ते गृहस्थ हार न घेताच गेले.

तर भाच्याकडे तात्या वाढला काकडी, टोमॅटो, पालक आणि पोळीच्या तुकड्यांवर. आणि बंद काचेच्या खिडकीतल्या उन्हावर. काचेतून उजेड येतो, ऊब येते, पण कासवाच्या अंगात ‘ड’ जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील किरण काचेतच अडतात. ते जीवनसत्त्व नाही तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि पालकातलं ऑक्सॅलेट तर होतं नव्हतं तेही बांधून टाकतं. त्यात आपला आषाढ. भिंतींना ओल, कपडे वाळत नाहीत, आणि हा जीव कोरड्या मुलखातला. माझ्याकडे आला तेव्हा डोळे खोल गेलेले, नाकाशी बुडबुडे, पोटाकडचं कवच अंगठ्यानं दाबलं तर दबत होतं. हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा हलका. पंधरा सेंटीमीटर लांबीचं कासव, आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर भरलं ४६० ग्रॅम.

आमच्याकडे जनावर आजारी पडलं की पाय आपसूक परळच्या बैलघोड्याकडे, म्हणजे जनावरांच्या इस्पितळाकडे वळतात. तिथे बाकावर बसलेल्या एका बाईंनी सरपटणाऱ्या प्राण्यांचे डॉक्टर सुचवले. डॉक्टर भला माणूस, पण बोलणं तोलूनमापून. ते म्हणाले, आधी ऊब, मग पाणी, मग खाणं. हा क्रम चुकवायचा नाही. गार पडलेल्या कासवाचं पचन चालत नाही, पोटात घातलेलं तिथेच कुजतं. म्हणून एका कोपऱ्यावर उबेचा बल्ब लावला, त्याखाली पस्तीस अंश. शेजारी अतिनील किरणांची ट्यूब. रोज कोमट पाण्याच्या परातीत बसवायचं, पाणी हनुवटीखाली राहील इतकंच. त्यात तो पाणीही पितो आणि खालून पांढरी पेस्ट टाकतो. ती पेस्ट मऊ असेल तर बरं, खडीसारखी असेल तर अंगात पाणी कमी. इंजेक्शनं पुढच्याच पायात, कारण मागच्या पायांतलं रक्त आधी मूत्रपिंडाच्या वाटेनं जातं. सुरुवातीला खाणंही नळीनं, थेट पोटात. हे सगळं डॉक्टरांनी केलं आणि शिकवलं, त्यांचे आभार मी त्यांना भेटून मानले आहेत.

नळी काढल्यावर मात्र ते म्हणाले, आता यानं तोंडानं खायला हवं, आणि खायचं ते गवत. मावशी, लोअर परळमध्ये गवत! आमच्याकडे काचेचे टॉवर आहेत. मैदानाच्या कडेला जे काही हिरवं उगवतं, त्यावर सगळ्या सोसायट्यांची कुत्री पाय वर करून जातात. मंडईतून कोथिंबीर आणली, कोबी आणला, तात्यानं मान आत घेतली ती घेतलीच.

तुमच्या टोपलीशी मी थांबले ती दूर्वा दिसल्या म्हणून. दूर्वा म्हणजे अखेर हरळीच. दहा जुड्या द्या म्हटल्यावर तुम्ही विचारलंत, “घरात गणपती बसलाय काय या दिवसांत?” मी म्हटलं, तात्यांना खायला हव्यात, चार दिवस काही जात नाहीये पोटात. तुमच्या शेजारच्या हारवाल्यानं माझ्याकडे जी काही नजर टाकली! सासरे आजारी आहेत आणि सून त्यांना गवत घालते, असंच त्याला वाटलं असणार. तुम्ही मात्र कासव म्हटल्याबरोबर हात जोडलेत. मग सरळ कामाला लागलात. जुडीतली कोवळी तीन पात्यांची दूर्वा बाजूला ठेवलीत आणि म्हणालात, “ही देवाची. तुझ्या कासवाला जून लागंल, देठासकट.” डॉक्टर तंतू, तंतू म्हणत होते ते हेच. सुलकाटाच्या आतड्यातले जंतू तेच चोथ्याचं गवत आंबवून त्याला पोसतात. मी विचारलं, फवारलेली नाही ना? “आमच्या बांधावरची हाय. औषिद कोण मारतंय बांधाला?”

त्या दिवशी तुम्ही पैसे दूर्वांचे घेतलेत आणि वर फडक्यातून एक देठ मोडलेली लाल जास्वंद दिलीत, विकायच्या कामाची नाही म्हणून. मी ती बल्बच्या उजेडात ठेवली. बऱ्याच वेळानं तात्यानं मान बाहेर काढली, फुलाला नाक लावलं, पाकळीची कड तोंडात धरली, पुढचा पाय फुलावर रोवला आणि मान मागे खेचून तुकडा तोडला. पाकळीचा लाल रस जबड्याला लागला होता. मी डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी “छान” म्हणून ठेवला. मग मी तो प्रकार कुणाला सांगायचा म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी पकडून तुमच्याकडे आले.

तेव्हापासून तुम्ही ‘तात्याचा पाला’ वेगळा काढायला लागलात. हरळी, केना, जास्वंदीची पानं. आणि पैसे विचारले की “उरलेलं हाय, उरलेल्याचं काय घ्यायचं?” मावशी, ते उरलेलं नव्हतं, हे मला ठाऊक आहे. अंगारकीला दूर्वांचा भाव चढतो, सिद्धिविनायकाला जाणारी माणसं आधी तुमच्याकडे थांबतात, नऊ वाजायच्या आत टोपली रिकामी होते. त्या दिवशी मी उशिरा आले, आशा सोडूनच. तुम्ही बसल्या जागेवरून गोणपाट उचललंत आणि खालून ओल्या फडक्यातली जुडी काढून दिलीत. लावणीच्या दिवसांत तुम्ही आला नाहीत, तर तुमच्या जाऊबाईंच्या टोपलीत लाल चिंधीनं बांधलेली जुडी होती. त्यांनी नाव विचारलं नाही, नुसतं “कासव?” म्हणाल्या.

पण सगळ्यात मोठी गोष्ट ही नव्हे. गणपतीच्या आधी पत्रीच्या जुड्या आल्या, तेव्हा मी म्हटलं, एवढी एकवीस प्रकारची पानं, हीच देऊ का? तुम्ही जुडी माझ्या हातातून जवळजवळ ओढून घेतलीत. सुतळी सोडलीत आणि मांडीवर एकेक पान टाकत गेलात. रुई बाहेर. धोतरा बाहेर. कण्हेर बाहेर. “देवाला चालतं. जितराबानं खाल्लं तर खेळ खलास.” मी रात्री डॉक्टरांना ती नावं कळवली. त्यांचं उत्तर आलं की तिन्ही विषारी, एकही देऊ नका.

तुमचा एक सल्ला मात्र मी ऐकला नाही, तेही सांगून टाकते. तात्याच्या शीमध्ये जंत निघाले तेव्हा तुम्ही पुतण्याकडचं शेळ्यांचं जंताचं औषध आणून देते म्हणालात. मी विषय बदलला, तुम्हाला वाईट वाटलं असेल. गुरांना, शेळ्यांना देतात त्यातलं आयव्हरमेक्टिन कासवाला जीवघेणं असतं. शेळी ज्यानं बरी होते त्यानं कासव लुळं पडून मरतं. डॉक्टरांनी दुसरं औषध वजन करून दिलं. तुमची नात वाचते आहे म्हणून मुद्दाम लिहिलं. गावात कुणी विचारलं तर तिनं सांगावं.

आता तात्याचं वजन ७९० ग्रॅम आहे आणि कवच दबत नाही. नवं वाढतं कवच खवल्यांच्या कडेला फिकट पट्टीसारखं दिसतं, ती पट्टी तुमच्या बांधावरची. नाक कोरडं. पहाटे ट्यूब लागली की बशी उलटी करून ढकलत फिरतो आणि खालच्या मजल्यावरच्या काकू आवाजाची तक्रार करतात. गॅलरीत मी एका पसरट कुंडीत तुमची हरळी लावली आहे, मुळासकट दिली होतीत ती. जास्वंदही जगली. तुम्ही एखाद्या दिवशी आला नाहीत तरी आता तो उपाशी राहणार नाही, एवढी तयारी आहे. पुढची चिंता वेगळी: ही जात चाळीस-पन्नास किलोपर्यंत वाढते. तेव्हा याला आमच्या घरात ठेवणं शक्य नाही, जागेची चौकशी आतापासूनच सुरू केली आहे. तुम्ही हसत म्हणालात, “आमच्या वाडीत सोड.” तसं सोडता येत नाही मावशी, परदेशी जनावर आहे. पण मनापासून म्हणालात, ते पोचलं.

पैसे तुम्ही घेणार नाही, साडी आणली तर रागवाल, हे नातीनं बजावून ठेवलं आहे. पण परवा तुम्हीच बोलून गेलात की गणपती-गौरीच्या तोंडावर पत्री बांधायला हात कमी पडतात, पोरं परीक्षेला जातात, सुना डाळभात सांभाळतात. मी हरतालकेची आणि त्याच्या आदल्या दिवसाची रजा टाकली आहे. पहाटे चारला पुलाखाली येते. चहा मी आणते, सुतळी तुम्ही आणा. जुडी कशी बांधायची ते एकदा दाखवा. पानं आता मला ओळखता येतात.

तुमची,
कासववाली बाय

ता. क. बेल देऊ नका. तात्या त्याला तोंड लावत नाही, आणि श्रावणात सोमवारी तुम्हाला त्याचे चांगले पैसे येतात.