बेवनसाठी निघालेला पास

पुणे,
शुक्रवार, रात्री साडेअकरा

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार.

काल तुझा फोन झाला आणि रात्री बराच वेळ डोळ्याला डोळा लागला नाही. तू सहज बोलून गेलास, ‘मन्या, ते सगळे जुने गडी आजच्या रग्बीत दहा मिनिटंसुद्धा टिकले नसते.’ मी ‘हं’ म्हणून विषय सोडून दिला. सोडायला नको होता. फोनवर मला नीट मांडता येत नाही, म्हणून लिहायला बसलोय.

आधी तुझं जे बरोबर आहे ते कबूल करतो. आजचे खेळाडू अंगानं दुप्पट आहेत. वर्षभर त्यांना दुसरं काम नाही, आहार मोजून मिळतो, व्यायाम आखून मिळतो. 1973 चा वेल्सचा गॅरेथ एडवर्ड्स किंवा फिल बेनेट आपल्या शेजारी उभा केला असता तर उंचीत फार फरक दिसला नसता. जुन्या चित्रफिती बघताना चेंडू किती वेळा हातातून निसटतो आणि स्क्रमचा, म्हणजे खांद्याला खांदा भिडवून चालणाऱ्या त्या रेटारेटीचा, कसा विचका होतो, तेही मला दिसतं. एवढं सगळं मान्य करूनही तुझं म्हणणं मला पटत नाही.

तुला खडकीचं मैदान आठवतं ना? पहाटे सहाला आपण सायकली मारत पोहोचायचो आणि आपल्याला रग्बी शिकवणारे सर आपल्या आधी येऊन फक्कीनं रेघा मारत असायचे. फौजेतून निवृत्त झालेला माणूस, गुडघा कायमचा दुखावलेला, पण 27 जानेवारी 1973 ची वेल्समधल्या कार्डिफची ती ट्राय, म्हणजे समोरच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवून मिळवलेले गुण, सांगायला लागले की लंगडतच सगळं मैदान फिरून दाखवायचे. बार्बेरियन्स, म्हणजे निरनिराळ्या संघांतले गडी बोलावून बनवलेला संघ, विरुद्ध न्यूझीलंड. सामना सुरू होऊन चारपाच मिनिटंही झालेली नसतात. न्यूझीलंडचा ब्रायन विल्यम्स चेंडू उंच आणि लांब मारतो. बेनेट पाठमोरा पळत जाऊन आपल्याच गोलखांबांजवळ तो उचलतो. तिथून कुणीही शहाणा माणूस चेंडू लाथेनं रेषेबाहेर मारील. हा वळतो आणि एकामागून एक अशा झुकांड्या देतो की अंगावर धावून आलेले न्यूझीलंडचे गडी रिकामी हवा कवटाळत राहतात.

सरांनी आपल्यातले सात जण निवडले होते आणि प्रत्येकाला एकेक नाव दिलं होतं. बेनेट, जे.पी.आर. विल्यम्स, पुलिन, डॉज, टॉम डेव्हिड, क्विनेल, एडवर्ड्स. मी क्विनेल, तू एडवर्ड्स. तो पावसाळा आपण त्या एका ट्रायवर घालवला. चिखलात इतक्या वेळा केली की अजूनही डोळे मिटले तर माझ्या डाव्या खांद्याला कळतं, चेंडू आता येणार.

त्यात जे.पी.आर.चा क्षण तू पुन्हा बघ. ब्रायन विल्यम्स त्याच्या मानेलाच मिठी घालतो. आज तशी पकड केली तर पंच थेट कार्ड काढतील. मान अडकलेली असतानाही हा चेंडू पुलिनच्या हातात पोचवतो. अशा वेळी आधी स्वतःला सोडवायला बघणं हा शरीराचा धर्म आहे. यानं आधी चेंडू सोडवला. याला कुठली व्यायामशाळा लागते, सांग मला.

आणि बंड्या, माझा पास तुझ्यासाठी नव्हताच. म्हणजे क्विनेलचा. त्याची नजर होती डाव्या कडेला पळणाऱ्या जॉन बेवनकडे. मधूनच एडवर्ड्स वाऱ्यासारखा आला आणि त्यानं तो पास उचलला. सर सांगायचे, त्यानं क्विनेलला वेल्शमध्ये हाक दिली होती. दोघेही वेल्श, घरची भाषा तोंडात आली. तूही पहिल्यांदा धावत आलास तेव्हा ‘आण इकडं!’ असं ओरडलास आणि सर खूश होऊन टाळ्या वाजवत राहिले. क्षणापूर्वी एडवर्ड्स आपल्या रेषेकडे माघारी पळत होता. चेंडू पुढे निघाला हे बघून तो वळला आणि सगळं मैदान कापून तिथं येऊन पोचला. पास आपल्यासाठी नाही हे माहीत असतानाही तिथं पोचणं, यालाच मी मोठा खेळाडू म्हणतो. बार्बेरियन्सनी तो सामना 23-11 असा जिंकला. आकडा मला मुद्दाम आठवावा लागतो, ती धाव आठवावी लागत नाही.

ही माणसं कोण होती तेही बघ. एडवर्ड्स खाणकामगाराचा मुलगा. वेल्ससाठी ओळीनं 53 सामने खेळला, एकही चुकवला नाही. विसाव्या वर्षी कर्णधार झाला. बेनेट पोलादाच्या कारखान्यात काम केलेला. जे.पी.आर. हाडांचा डॉक्टर. 1978 साली ब्रिजेंड क्लबकडून न्यूझीलंडविरुद्ध खेळताना त्याच्या गालावर बुटाचे खिळे पडले आणि गाल फाटला. त्याचे वडीलही डॉक्टर. त्यांनीच टाके घातले आणि हा पुन्हा मैदानात उतरला. असं व्हायला हवं होतं असं मी म्हणणार नाही. माझ्या मुलाचा गाल असता तर मी त्याला हात धरून घरी आणला असता. पण खेळाचा एक पैसा न मिळणारा माणूस परत का जातो, हा प्रश्न मनातून जात नाही.

आणि वेल्सचाच बॅरी जॉन! एडवर्ड्सनं पहिल्याच भेटीत त्याला विचारलं, तुला पास कसा हवा? तो म्हणाला, तू फेक, मी पकडतो. 1971 ला लायन्सनी, म्हणजे ब्रिटन-आयर्लंडच्या एकत्रित संघानं, न्यूझीलंडमध्ये मालिका जिंकली ती याच्या पायावर. आजवर तिथं त्यांना दुसरी जिंकता आलेली नाही. लोक त्याला राजा म्हणायला लागले. एका कार्यक्रमात एका मुलीनं खरोखर राजासमोर वाकावं तसं वाकून त्याला अभिवादन केलं आणि तो मनातून हादरला. 1972 मध्ये, अवघ्या 27 व्या वर्षी, त्यानं खेळ सोडला. जानेवारी 2024 मध्ये जे.पी.आर. गेला, महिना व्हायच्या आत बॅरी जॉनही गेला. बेनेट 2022 मध्येच गेला होता. तेव्हा तुला फोन करावासा वाटला होता, केला नाही.

आता तुझा लोमू, न्यूझीलंडचा जोना लोमू. तुझ्या मामांनी आणलेली ती कॅसेट आपण इतकी झिजवली की चित्र हलायला लागलं होतं. 1995 च्या विश्वचषकात उपांत्य सामन्यात इंग्लंडविरुद्ध चार ट्राय, माइक कॅटला अक्षरशः तुडवून गेला, वय वीस. तू म्हणतोस आधुनिक रग्बी तिथून सुरू झाली. पण तो विश्वचषक संपला जूनमध्ये आणि रग्बी व्यावसायिक झाली ऑगस्ट 1995 मध्ये. म्हणजे तुझा लोमूही जुन्याच जमान्यातून आलेला! आणि नुसत्या आकारानं सगळं होत असतं तर अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेच्या योस्ट व्हॅन डर वेस्टहायझननं त्याला पाडलं नसतं. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध लोमूला कसोटीत कधीच ट्राय मिळाली नाही. मूत्रपिंडाचा आजार अंगात घेऊन तो खेळला. 2015 मध्ये चाळिसाव्या वर्षी गेला. योस्टही 2017 मध्ये, 45 व्या वर्षी, स्नायू निकामी करणाऱ्या आजारानं गेला. पकडणारा आणि पकडला गेलेला, दोघेही नाहीत.

एक विचारतो, रागावू नकोस. खाशाबा जाधव आजच्या मॅटवर किती मिनिटं टिकले असते, असं तू कधी म्हणशील? गोळेश्वरच्या तांबड्या मातीतला गडी, वर्गणी गोळा करून हेलसिंकीला गेला, राजाराम कॉलेजच्या खर्डेकरांनी त्यासाठी स्वतःचं घर गहाण ठेवलं, आणि 1952 मध्ये कांस्यपदक घेऊन आला. त्यांच्याबद्दल असं बोलायला तुझी जीभ रेटणार नाही. मग बेनेटबद्दल का रेटते?

पुढच्या रविवारी ये. तुझ्या वहिनीनं थालीपीठ करायचं कबूल केलंय. ती ट्राय लावू आणि क्विनेलच्या हातात चेंडू येतो तिथं थांबवू. डावीकडे बेवन दिसतो का ते तू बघ, एडवर्ड्स नेमका कुठून येतो ते मी बघतो. इतक्या वर्षांत ती जागा मला एकदाही पकडता आलेली नाही. शिवाजीनगरला उतरलास की फोन कर, मी घ्यायला येतो.

तुझा,
मन्या