सोळा उरल्या कशा?

मुलुंड, मंगळवार रात्र

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर हे जमत नाही. बाबा दोनदा "बरं बरं" म्हणतात आणि फोन आईकडे देतात, आई विचारते जेवलीस का, आणि विषय संपतो. म्हणून लिहितेय. बाबा, छापखान्यात तुम्ही चाळीस वर्षं लोकांचं लिहिलेलं खिळ्याखिळ्यानं जुळवलंत. माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढायला का होईना, हे शेवटपर्यंत वाचाल.

रविवारी तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला तो फक्त आठवड्याच्या गोळ्या लावून द्यायला. टिकाग्रेलॉरच्या, म्हणजे बाबांच्या अटॅकनंतर अ‍ॅस्पिरिनच्या जोडीला दिलेल्या गोळीच्या, सहा गोळ्या उरायला हव्या होत्या. सोळा होत्या. मी पुन्हा मोजल्या. दहा जास्त. सकाळ-संध्याकाळ मिळून दिवसाला दोन, म्हणजे पाच दिवसांच्या. आणि डब्याच्या तळाशी, बिलांच्या खाली, क्लोपिडोग्रेलची, म्हणजे काकाच्या गोळीची, स्ट्रिप, पाच घरं रिकामी. ती कुठून आली हे विचारावं लागलं नाही, गणपतीला दीड दिवस तुम्ही डोंबिवलीला काकाकडेच होतात. आईला विचारलं तर तिनं नळ सोडला आणि भांडी घासायला घेतली. मोरीत दोनच कप होते.

मी जरा जास्तच बोलले. शेजारच्या काकूंनी त्यांचं दार लोटून घेतलं, म्हणजे आवाज किती चढला असेल बघा. त्याबद्दल सॉरी. डॉक्टरांना तिथल्या तिथे फोन लावला त्याबद्दल मात्र नाही. त्यांनी सांगितल्याप्रमाणे त्याच रात्री पहिली गोळी परत सुरू झाली, हे एक बरं झालं. आता राग उतरलाय, तर नीट सांगते.

आई, तुझी भीती आधी. "डेंग्यूत प्लेटलेट कमी झाल्या की माणूस जातो, आणि हे डॉक्टर प्लेटलेटच्याच मागे लागलेत," असं तू म्हणालीस. मी रोज लॅबमध्ये प्लेटलेटच मोजते गं. डेंग्यूत त्यांची संख्या घटते. बाबांच्या रिपोर्टात २ लाख ४० हजार आहेत, औषधाआधीही जवळपास तितक्याच होत्या. या गोळ्या मोडतात ती एकमेकींना चिकटण्याची खोड, आणि ती खोड आमच्या मोजणीच्या मशीनला दिसत नाही. तेव्हा पपईच्या पानांचा रस नको. आणि बाबा, "माझ्या प्लेटलेट नॉर्मल आहेत" म्हणून तो रिपोर्ट मला दाखवून काही उपयोग नाही.

ती खोड मोडायची कशासाठी, तर तुमच्या धमनीत आता जाळीची बारीक नळी बसवलेली आहे. शरीराच्या लेखी ती परकी वस्तू. तिच्यावर आतलं अस्तर चढेपर्यंत प्लेटलेट तिथे जमायला टपलेल्या असतात, आणि तिथे गुठळी झाली तर बघता बघता वाट बंद. अ‍ॅस्पिरिन त्यांना एका बाजूनं अडवतं, दुसरी गोळी दुसऱ्या बाजूनं. अटॅकनंतर दोन्ही साधारण वर्षभर लागतात. आपले आषाढीपासून दोन महिने झालेत.

आता काकाची गोळी. "तो पाच वर्षं हीच घेतो, एकदाच घेतो, स्वस्तात घेतो आणि ठणठणीत आहे." वकील व्हायला हवं होतं तुम्ही. पण काकाची अँजिओप्लास्टी तारीख ठरवून, डबा-चादर घेऊन जाऊन झालेली होती. तुम्हाला रात्री अडीच वाजता जिन्यावरून खुर्चीत बसवून खाली आणलं. आजाराचं नाव एक असलं तरी प्रसंग एक नव्हता.

आणि प्रसंग एक असता तरी. तुम्हीच सांगायचात ना, शाई तीच, मशीन तेच, पण न्यूजप्रिंट ती पिऊन टाकतो आणि आर्ट पेपरवर ती वाळता वाळत नाही. क्लोपिडोग्रेलचं तसं आहे. ती पोटात जाते तेव्हा कच्ची असते. तिचा बराचसा भाग, साधारण ८५ टक्के, काही काम न करताच वाया जातो. उरलेली यकृतात तयार होते, तेव्हा कुठे ती प्लेटलेटला धरते. तयार करणाऱ्या एन्झाइमपैकी मुख्य एकाचं नाव सीवायपी२सी१९. ते कुणाकडे जोरात चालतं, कुणाकडे मंद, कुणाकडे जवळजवळ बंदच. मंद चालणारी जात आपल्याकडे, म्हणजे आशियातल्या लोकांत, गोऱ्या लोकांपेक्षा जास्त सापडते. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१० मध्ये या गोळीच्या माहितीपत्रकावर चौकटीत इशारा छापायला लावला तो याच कारणानं.

"आम्ही सख्खे भाऊ" हे मला सांगू नका. हे एन्झाइम ज्या जीनवरून बनतं, त्याच्या आजीकडे दोन प्रती, आजोबांकडे दोन. प्रत्येक मुलाला दोघांकडून एकेक मिळते, कुठली ते नशीब. काकाला आजोबांचे केस मिळाले, तुम्हाला मिळाले का?

आता आईकडे वळते, कारण यात तिचाही हात आहे. डॉक्टरांनी पित्तासाठी पँटोप्राझोल लिहून दिली होती. घरात जुन्या ओमेप्राझोलच्या कॅप्सुल पडल्या होत्या, त्या वाया जाऊ नयेत म्हणून तू त्या द्यायला लागलीस. ओमेप्राझोल नेमकं त्याच एन्झाइमला अडवते. म्हणजे पाच दिवस बाबांनी कच्ची गोळी घेतली आणि तू चुलीवर पाणी ओतलंस. दोघांनी एकमेकांना न सांगता. त्या कॅप्सुल मी बरोबर आणल्यात. गुडघ्यासाठीची आयब्युप्रोफेनही उचलली, ती अ‍ॅस्पिरिनच्या आड येते. सध्या गुडघ्याला शेक द्या.

टिकाग्रेलॉरला असं तयार व्हावं लागत नाही, म्हणून तिचा असर माणसागणिक इतका बदलत नाही. अटॅकसारख्या प्रसंगातून आलेल्या १८ हजारांवर लोकांवर दोन्ही गोळ्या ताडून पाहिल्या, त्याचे आकडे २००९ मध्ये आले. वर्षभरात हृदयाच्या किंवा रक्तवाहिन्यांच्या विकारानं मृत्यू, अटॅक किंवा पक्षाघात क्लोपिडोग्रेलवर ११.७ टक्के लोकांना, टिकाग्रेलॉरवर ९.८. फरक काही आभाळाएवढा नाही, पण आहे. मात्र तिची पकड सुटते, म्हणून दिवसातून दोनदा, आणि चुकवून चालत नाही. रक्तही थोडं जास्त वाहू शकतं. तुमच्या कोपराजवळचा तो जांभळा डाग आणि दाढी करताना तुरटी दाबून धरावी लागते ते त्यातलंच. डाग वाढला किंवा शौचाला काळं झालं, तर मात्र त्याच दिवशी सांगायचं.

हे सगळं तुम्हाला पटेल. पण बाबा, तुम्ही गोळी पैशासाठी बदललीत असं मला वाटत नाही. गोळी बदलायच्या आधी एका रविवारी, चहाच्या आधी तुम्ही पेपर वाचत होतात. मी समोर बसले होते. बातमीच्या मधेच थांबलात, मान वर केलीत आणि एक लांब श्वास ओढलात, जसा कुणी पाण्याबाहेर येऊन ओढतो. दोन मिनिटांनी परत. जिना चढला नव्हतात, खुर्चीत होतात. मग पान उलटलंत आणि माझ्याकडे बघितलं नाहीत.

तुम्हाला वाटलं ना, नळी बंद व्हायला लागली? आणि सांगितलं तर परत त्या टेबलावर घेतील?

ही बसल्या जागची धाप टिकाग्रेलॉरचीच असू शकते. त्याच अभ्यासात ती १३.८ टक्के लोकांना लागली, दुसऱ्या गोळीवर ७.८ टक्क्यांना. बऱ्याच जणांची सौम्य असते आणि काही दिवसांनी जाते. पण ती गोळीची की हृदयाची, हे तुम्ही खुर्चीत बसून ठरवायचं नाही आणि मी पत्रातून ठरवायचं नाही. डॉक्टर तपासतील. गोळीचीच निघाली आणि सोसवत नसेल, तर ते बदलतील. तिसरी एक आहे, प्रासुग्रेल, पण पंचाहत्तरीपुढे ती शक्यतो टाळतात आणि तुम्ही ७६ चे. म्हणजे कदाचित शेवटी काकाचीच गोळी लिहून देतील. तेव्हा खुशाल हसा मला. पण ती त्यांच्या हिशेबानं असेल, लागलं तर एन्झाइमची चाचणी करून, पित्ताची गोळी बघून.

आणखी एक ऐका, आमच्या लॅबमधला जुना विनोद आहे. अ‍ॅस्पिरिन लागू पडत नाही म्हणून पाठवलेल्या पेशंटच्या चाचण्या पुन्हा करतात, तर बरेच वेळा कळतं, अ‍ॅस्पिरिन घेतलेलीच नसते. तुमचंही तेच झालं असतं. पुढच्या तपासणीत डॉक्टर डोकं खाजवत बसले असते आणि गोळ्या बिलांच्या खाली.

रविवारपासून धाप वाढलेली नाही, हे आईनं सांगितलं. वाढली, छातीत दाबल्यासारखं झालं किंवा घाम फुटला, तर गुरुवारची वाट बघायची नाही. मला फोन करायच्याही आधी शेजारी आवाज द्या आणि हॉस्पिटल गाठा.

नाहीतर गुरुवारी साडेचारची वेळ घेतली आहे. मी अर्धा दिवस रजा टाकतेय, साडेतीनला चाळीखाली टॅक्सी घेऊन येते. डबा जसा आहे तसा आणा, काकाच्या स्ट्रिपसकट. आणि धाप कधीपासून, किती वेळ, हे डॉक्टरांनी विचारलं की आईकडे बघू नका.

तुमची,
नीलू